एका डोंगराच्या दोन आगी

कोणे एके काळी, म्हणजे तुमच्या-आमच्या खापरपणज्यांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एका उंच डोंगराच्या अलीकडे एक राजा राहत होता आणि पलीकडे एक राणी. डोंगराच्या माथ्यावरून दोन्ही राज्यांची शीव जात होती. शिवेवर दगड रोवले होते. माणसं त्या दगडांना बिचकून असायची. डोंगरावरची चितळं मात्र त्यांना खुशाल पाठ घासायची.

राजाला त्या चितळांचं भारी वेड. राणीलाही तितकंच. दोघांनी शिकार बंद केली, चांगलं केलं. रानाला राखणदार नेमले, तेही चांगलं केलं. पण दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण अबोला कसा अगदी मन लावून पाळत होती! राजाने तर फर्मानच काढलं होतं, "माझा जो माणूस शीव ओलांडेल, त्याला राज्याबाहेर हाकलून देईन."

आता या डोंगरावरची एक रीत सांगतो. थंडी सरली की राखणदार उतारावरचं वाळलेलं गवत पेटवून द्यायचे. जुनं गवत जळालं की थोड्याच दिवसांत खालून हिरवे, कोवळे कोंब यायचे आणि चितळं तिकडे धाव घ्यायची. एका बाजूला आग असली की कळप दुसऱ्या बाजूला उतरायचा. राणीकडचं गवत आधी जळायचं, राजाकडचं मागाहून. तसं कुणी ठरवलं नव्हतं, आपलं चालत आलं होतं.

एका वर्षी राजाने आपल्या राखणदाराला बोलावलं. राखणदार केस पिकलेला, सगळा जन्म रानात काढलेला.

"दरवर्षी कोवळं गवत आधी तिकडे उगवतं आणि माझी चितळं तिकडे पळतात," राजा म्हणाला. "यंदा आपण आधी पेटवायचं. कुणाला पत्ता लागू देऊ नकोस."

"महाराज, तिकडच्यांना एकदा विचारलं असतं तर..."

"त्यांना विचारायचं? मी?" राजा असा काही कडाडला की राखणदाराने मान खाली घातली.

पण हुशारीचा मक्ता काय एकट्या राजाने घेतला होता? राणीच्या कानावर कुणकुण गेलीच. तिने आपल्या राखणदारणीला सांगितलं, "त्याच्याही आधी पेटव." झालं! दोन्हीकडे एकाच सकाळी गवत पेटलं.

राजाचा राखणदार आपली माणसं घेऊन पायवाटेने माथ्यावर चढला, तर समोरून धुराचे लोट. मागून आग वर चढत होती आणि पुढूनही. मधे माथ्यावर सगळा कळप अंगाला अंग लावून उभा होता. पाडसं आयांच्या पोटाखाली शिरली होती.

कळपातली म्हातारी हरिणी राखणदाराला म्हणाली, "बाबा रे, राजाचं आमच्यावर प्रेम, राणीचंही आमच्यावर प्रेम. आता यातल्या कुठल्या प्रेमात उडी घेऊ, तेवढं सांग."

तेवढ्यात पलीकडून राणीची राखणदारीण धापा टाकत वर आली.

"तुम्हाला आजचाच दिवस सापडला का?" ती ओरडली.

"आणि तुम्हाला हो?" तोही ओरडला.

मग दोघांनी त्या पाडसांकडे पाहिलं आणि भांडण तिथेच सोडलं.

"माझ्या बाजूला खाली ओढा आहे," ती म्हणाली. "आगीत वाट पाडली तर कळप पाण्यापर्यंत जाईल. पण माझी माणसं पुरायची नाहीत."

राखणदाराने शिवेच्या दगडाकडे पाहिलं. घरी आंधळी आई होती. हाकलून दिलं तर तिला घेऊन जायचं कुठे? पण पाडसं ओरडत होती. "चला रे!" असं म्हणून त्याने दगड ओलांडला आणि त्याची माणसंही मागोमाग गेली.

दोन्हीकडच्या माणसांनी ओल्या डहाळ्या तोडल्या आणि खांद्याला खांदा लावून आग झोडपली. हात भाजले, भुवया जळाल्या. अखेर आगीत एक फट पडली आणि कळप त्यातून ओढ्याकडे सुटला. सगळी वाचली का? खोटं कशाला सांगू, नाही. म्हातारी हरिणी सगळ्यांना पुढे घालून शेवटी निघाली आणि ती काही पोचली नाही.

दुसऱ्या दिवशी राजा राखणदाराला शिक्षा द्यायला माथ्यावर आला. परक्या राज्यातली माणसं आपल्या हद्दीत शिरलीच कशी, याचा जाब विचारायला राणीही आली. डोंगर दोन्हीकडून काळाठिक्कर पडला होता. गवताची काडी नव्हती, की एक चितळ नव्हतं. कळप दूरच्या कुठल्याशा रानात निघून गेला होता.

"महाराज, मी हुकूम मोडला," राखणदार म्हणाला. "पण पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा मोडीन."

राजाचं तिकडे लक्षच नव्हतं. राखेत पडलेल्या म्हाताऱ्या हरिणीजवळ तो गुडघे टेकून बसला होता. त्याचे डोळे भरून आले.

"हिला मी मारलं," तो म्हणाला.

"मीसुद्धा," राणी म्हणाली. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी पहिल्यांदाच बोलत होती.

मग राजा उठला. "हुकूम मोडलास, तेव्हा शिक्षा ही होणारच," तो राखणदाराला म्हणाला. "इथून पुढे दरवर्षी गवत पेटवायच्या आधी तू शीव ओलांडून पलीकडे जायचंस. यांच्या राखणदारणीजवळ बसायचंस. कुठला तुकडा कधी जाळायचा, कुठला राखायचा, हे दोघांनी मिळून ठरवायचं. तिला विचारल्याशिवाय एक ठिणगीसुद्धा पाडायची नाही."

"आणि माझी राखणदारीण तुमच्याकडे येईल," राणी म्हणाली. "तिलाही हीच शिक्षा."

राखणदार हसत हसत रडला. आईला काय सांगायचं या काळजीने रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता.

पाऊस झाला आणि डोंगर पुन्हा हिरवा झाला. एके दिवशी आपली पाडसं घेऊन कळप परत आला. ती पाडसं आता चांगली उंच झाली होती. त्यांना पाहायला राजा आणि राणी एकत्रच माथ्यावर चढली, आणि यातली चितळं कुणाची, हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही.

बोध: जे दोघांचं आहे, त्यावर दोघांनी वेगवेगळं प्रेम करून भागत नाही, ते एकमेकांना विचारूनच राखावं लागतं.