शिध्याची पंगत

संस्थानातून निराधारांना दरमहा ज्वारीचा शिधा मिळे. म्हाताऱ्या भिवराबाईने तो वाढवून मागितला, तेव्हा दिवाणजी भर दरबारात कडाडले, "एका जिवाला तो पुरून उरतो!"

"मग उद्या माझ्याकडेच जेवायला या," भिवराबाई म्हणाली. राजेसाहेबांना गंमत वाटली. तेही यायला तयार झाले.

दुसऱ्या दिवशी तिने पाट मांडले, पानांभोवती रांगोळी काढली आणि दोघांना कच्ची ज्वारी वाढली.

"हे काय खायचं?" दिवाणजी उसळले.

"सरकारातून एवढंच येतं, साहेब. सरपण, मीठ, तेल येत नाही. जातं ओढायला माझ्या हातांत बळ राहिलेलं नाही."

राजेसाहेबांनी पानातले दाणे चिमटीत उचलून पाहिले. भिवराबाईने यजमानिणीच्या रीतीने हात जोडले, "सावकाश होऊ द्या."