पाठीमागचं पाणी

“मग मी निर्भय झालो, हे तुमच्या तोंडून का निघत नाही, माई?”

चंद्रामाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप जरासं हलवलं, एक खडा वेचून अंगणात टाकला, आणि पुन्हा सुपात नजर घातली.

त्र्यंबक उत्तराची वाट बघत उभा राहिला.

खाडी समुद्राला मिळते तिथे, सुरूच्या बनाला लागून, माईंचा मठ होता. मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी, बाहेर तुळस. माई मूळच्या घाटावरच्या. संन्यास घेतल्यावर फिरत फिरत इथवर आल्या आणि इथेच राहिल्या. त्र्यंबकही घाटावरचाच. गुरू शोधत आला होता, त्यांच्यापाशी टिकला होता, आणि आता आपलं शिकून झालं असं त्याला मनातून वाटू लागलं होतं.

“स्मशानात झोपलो,” तो म्हणाला. “देवळात शिरलेला नाग हातानं धरून बाहेर सोडला. वादळात झाडं कोसळत होती, सगळ्या गावानं दारं लावून घेतली होती, तेव्हा मी बनात जपाला बसलो. अजून काय राहिलं?”

“नाग धरलास तेव्हा मी फार भ्याले होते,” माई म्हणाल्या.

“तुम्ही?”

“हो, मी.”

त्र्यंबक हसला. गुरू शिष्याची परीक्षा बघतात ती अशीच, तिरक्या वाटेनं. हे त्याला ठाऊक होतं.

“उद्या अमावास्या,” तो म्हणाला. “सकाळी मोठी ओहोटी. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा उघडा पडेल. मी त्यावर जाऊन ध्यानाला बसतो. भरतीचं पाणी छातीला लागेपर्यंत उठणार नाही. तुम्ही या आणि आपल्या डोळ्यांनी बघा.”

“नको रे.”

“मला अडवता?”

“मला भीती वाटते.”

पुन्हा तेच! त्र्यंबकाला वाईट वाटलं. एवढं वय, एवढी साधना, आणि तोंडात हा शब्द...

पण उजाडता उजाडता तो निघाला, तेव्हा माई दाराशी उभ्या होत्या. भगव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, हातात काठी. त्याच्या मागून चालू लागल्या.

समुद्र दूर गेला होता. रोज जिथे लाटा फुटायच्या तिथे ओली, रेघारेघांची वाळू पसरली होती, आणि तिच्यापलीकडे, एखाद्या मोठ्या जनावराची पाठ वर यावी तसा, दांडा वर आला होता. लांबच लांब, पांढरा. त्यावर कुरव पक्ष्यांचा थवा उतरला होता. गावातल्या काही बाया टोपल्या घेऊन वाळूतले तिसऱ्यांचे शिंपले उकरत होत्या.

दांडा आणि किनारा यांच्या मध्ये एक सखल पट्टा होता. तिथे घोट्याएवढं पाणी. त्र्यंबक झपाझप ओलांडून गेला. माई मध्येच थांबल्या. काठी वाळूत रोवून पाण्याकडे बघत राहिल्या.

“या ना,” तो म्हणाला.

“हात दे.”

त्यानं हात दिला. माईंचा तळवा गार पडला होता.

दांड्याच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून, त्यानं मांडी घातली. मागून आलेलं कोवळं ऊन समोर पाण्यावर पसरलेलं. लाटा कुठेतरी लांब, कुजबुजल्यासारख्या. माई त्याच्या मागे उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. त्या सारख्या मान वळवून किनाऱ्याकडे बघत होत्या, हे त्याला न बघताही कळत होतं.

“माई, समुद्र समोर आहे.”

“हो.”

“मग मागे काय बघता?”

माईंनी काठी वाळूत अजून खोल रोवली.

थोड्या वेळानं बायांची लगबग ऐकू आली. टोपल्या डोक्यावर चढल्या. त्यांतली एक, जयवंती, मठात अधूनमधून भाजी आणून द्यायची. तिनं हाक मारली.

“माई, पाणी फिरला! चल आता!”

माईंनी त्र्यंबकाच्या खांद्याला हात लावला. “ऊठ.”

“तुम्ही जा.”

“ऊठ ना रे.”

“सांगितलं होतं तुम्हाला. मी उठणार नाही.”

“बुवानू, ही बसाची जागा न्हय!” जयवंती ओरडली. मग आवाज उतरवून म्हणाली, “माई, तू तरी ये गो.”

त्र्यंबकानं डोळे मिटून घेतले. बाया पाण्यातून चुबुकचुबुक करत गेल्याचा आवाज आला. माई गेल्या असतील असं त्याला वाटलं. बरं झालं, असंही वाटलं.

मग बारीक कटकट ऐकू आली. मागे, अगदी जवळ.

माईंचे दात वाजत होते.

त्यानं नामावर मन आणलं. मन आलंही. लाटांची कुजबुज लांब होती, ऊन पाठीवर होतं, श्वास सरळ चालला होता. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. अचानक पंखांचा मोठा फडफडाट झाला. सगळे कुरव एकदम उठले, ओरडत डोक्यावरून गेले, आणि मागे फार मोठी शांतता पडली.

त्या शांततेत पाण्याचा आवाज होता. लाटेचा नव्हे, वाहत्या पाण्याचा. आणि तो समोरून येत नव्हता.

त्र्यंबकानं डोळे उघडले. समोर समुद्र होता तिथेच होता. शांत, लांब.

त्यानं मागे वळून बघितलं.

सखल पट्टा भरून गेला होता. खाडीच्या तोंडातून आत शिरलेलं पाणी दांड्याला वळसा घालून मागून आलं होतं, आणि आता नदीसारखं, गढूळ, भोवरे घेत, त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधून धावत होतं. एवढा लांब दांडा अंगणाएवढा उरला होता. त्या अंगणाच्या कडेला, पाण्यात पाय, काठी छातीशी कवटाळून, माई उभ्या होत्या. गालांवरून पाणी ओघळत होतं. त्या रडत होत्या.

त्र्यंबक उभा राहिला. पायाखाली वाळू हलली. त्यानं दुसरा पाय टाकला, तोही रुतला. आणि त्याला कळलं की आपल्या मांड्या लटलट कापताहेत.

“तुम्हाला पोहता येतं?” त्यानं विचारलं.

“नाही. तुला?”

“... नाही.”

किनाऱ्यावर बाया छोट्या छोट्या दिसत होत्या. हात हलवत होत्या, ओरडत होत्या. शब्द वारा नेत होता. होड्या सगळ्या मासेमारीला गेलेल्या. बोलवायला कोणी नव्हतं.

“हात धर माझा,” माई म्हणाल्या.

त्यानं धरला. दोघं पाण्यात उतरले.

पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. ओढ एवढी, की एक पाय उचलला की दुसरा आपोआप सरकायचा. माईंची काठी गेली. ती एकदा वर आली, गिरकी घेऊन धारेबरोबर निघाली, आणि बघता बघता काडीएवढी झाली. त्र्यंबक तिच्याकडे बघत राहिला. त्याला नाम आठवेना. कुठलंच नाम आठवेना. आईचं नाव तोंडात आलं, तेही अर्धंच.

छातीला पाणी लागलं.

पुढच्या पावलाला जमीनच नव्हती.

तो खाली गेला. डोळ्यांत हिरवा अंधार, नाकातोंडात खारट आग. एक हात मोकळा होता, त्यानं तो वर मारला, हाताला काही लागलं नाही. दुसऱ्या हाताला ओझं होतं, ते त्याला खाली ओढत होतं. त्यानं तो हात झटकला. बोटं उघडली. पुन्हा झटकला.

हात निसटला नव्हता. त्यानं सोडला होता. त्या हिरव्या अंधारातही हे त्याला लख्ख कळलं.

पण ओझं गेलं नाही. मनगटात काहीतरी रुतलं होतं. सुटेना. त्यानं पाय झाडले, वर आला, श्वास घेतला, पुन्हा बुडाला. पायाच्या अंगठ्याला वाळू लागली, सुटली, पुन्हा लागली. मग एका झटक्यात सगळं उलट्या दिशेला ओढलं गेलं.

बाया एकमेकींचे हात धरून गळ्याएवढ्या पाण्यात शिरल्या होत्या. पुढच्या टोकाला जयवंती होती. तिच्या मुठीत माईंचा पदर आला होता. तिनं पदर ओढला, पदरानं माई आल्या, आणि माईंच्या मागून, उताणा, जड, त्र्यंबक आला.

कोरड्या वाळूवर तो पालथा पडून ओकत राहिला. पाणी, पित्त, पुन्हा पाणी. थांबलं तेव्हा मान वळवून त्यानं बघितलं. माई शेजारीच बसल्या होत्या. ओठ निळे पडलेले. त्यांचे दोन्ही हात त्याच्या मनगटाला आवळलेले होते. नखं कातडीत शिरली होती, त्यांच्याभोवती रक्त आणि वाळू.

“सोड गो माई,” जयवंती म्हणाली. “इलंस भायर. सोड.”

माईंना सोडायचं होतं. बोटं उघडत नव्हती. शेवटी जयवंतीनं एकेक बोट धरून, हळूहळू, कुंकवाची जुनी डबी उघडावी तशी ती मूठ उघडली.

एका बाईनं आपलं कोरडं पांघरूण माईंच्या अंगावर घातलं. बाकीच्या जरा लांब जाऊन बसल्या. दांड्याच्या जागी आता फेसाची एक रेघ होती, तीही मोडत चालली होती.

त्र्यंबक उठून बसला. त्याला माईंकडे बघवत नव्हतं. मनगट त्यानं दुसऱ्या हातात झाकून धरलं होतं.

“माई...”

“अं.”

“बायांबरोबर तुम्हाला जाता आलं असतं. पाणी घोट्याला होतं तेव्हा.”

“हो.”

“तुम्हाला मागचं पाणी दिसत होतं.”

“दिसत होतं.”

घसा सोललेला होता. माईंचे दात अजून वाजत होते. पांघरुणाखाली सगळं अंग थरथरत होतं.

“एवढी भीती वाटत होती तुम्हाला,” तो शेवटी म्हणाला. “मग मला तिथे एकट्याला सोडून का नाही आलात?”

माईंनी पांघरूण अंगाभोवती ओढून घेतलं.

“अरे...” त्या म्हणाल्या, “त्याचीच तर भीती वाटत होती.”