बकुळा आणि झऱ्याचं गुपित

डोंगरापलीकडच्या चिमुकल्या राज्यात बकुळा नावाची मुलगी राहायची. आईबाप नाहीत, झग्याला ठिगळावर ठिगळ. पण डोळे करवंदासारखे काळेभोर, लुकलुकते. राणीच्या रंगारीखान्यात ती फुलं कुटायची. त्यातून झळाळता मोरपिशी रंग निघे, जगात दुसरीकडे कुठेच न मिळणारा. म्हणून मुकादम भानाप्पांनी तिला शपथ घातली होती, "इथलं इथेच ठेवायचं."

एकदा तिने पाहिलं, भानाप्पा रंगाचं उरलेलं पाणी गुपचूप गावच्या झऱ्यात सोडत होते. त्या पाण्याशेजारचे बेडूक मरून पडले होते. गावातली पोरं तापाने फणफणली होती. तिची इवलीशी बहीण चिमीसुद्धा.

बकुळा बागेत जास्वंदीआड रडत बसली. तोच पाकळ्यांवर सोनेरी कण चमचमले आणि अंगठ्याएवढी परी उतरली.

"काय हवं ते माग, बाळ."

बकुळा मागे सरकली. "तुला भानाप्पाकाकांनी पाठवलंय ना? मी बोलते का ते बघायला?"

"शंका घे, पण माझे नियम ऐक," परी हळूच म्हणाली. "तू बोलशील ते साऱ्या गावाला ऐकू जाईल. मात्र डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच सांगायचं. जीव वाचण्यापुरतंच गुपित फोडायचं. आणि आधी आपलं नाव घ्यायचं."

"नाव कशाला? मला शिक्षा होईल."

"होईलही. पण नाव लपवलंस, तर आळ तुझ्यासोबत फुलं कुटणाऱ्या मैत्रिणींवर येईल."

बकुळाने डोळे पुसले. "मी बकुळा," ती बोलू लागली, आणि तिचे शब्द रुपेरी घंटांसारखे घरोघरी पोचले.

गाव जमलं. राणीही आली. भानाप्पा शांतपणे म्हणाले, "शपथ मोडणारी पोर ही. आज हे बोलते, उद्या रंगाची कृतीही विकेल." लोक बकुळाकडे तिरक्या नजरेने बघू लागले.

"कृती माहीत आहे तुला?" राणीने विचारलं.

"आहे, राणीसाहेब. पण तिच्यामुळे कुणी आजारी पडत नाही. ती मी सांगणार नाही."

राणीने झऱ्यातून पेला भरला आणि भानाप्पांपुढे धरला. "घ्या."

भानाप्पांनी तो झटकन दूर सारला. पेला कलंडला. आता कुणाला काही विचारायची गरज उरली नाही.

राणीने मुकादमांना कामावरून काढलं. रंगारीखान्याची शपथही बदलली: ज्याने जीव धोक्यात येतो, ते गुपित नव्हे. परीने पंख झटकले. झरा स्फटिकासारखा लखलखला, आणि ते पाणी पिऊन पोरांचा ताप उतरला. राणीने बकुळा-चिमीला बागेत लालचुटुक कौलांचं घर दिलं.

"आता तरी विश्वास बसला?" परीने विचारलं.

बकुळाने आधी चिमीच्या गार कपाळावर हात ठेवून बघितला. मग हसून मान डोलावली.

गुलाबी, केशरी, निळा उजेड फुलला, आणि त्यात परी विरून गेली.