आगंतुकाचे पान

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुगाची चाहूल अजून कोणाला लागलेली नव्हती, त्या काळातली ही कथा आहे. देव आणि असुर यांच्यातले ते महायुद्ध संपून बरीच वर्षे लोटली होती. त्या युद्धात दिशा धुळीने कोंदल्या, रथांच्या घरघराटाने पर्वतांच्या कड्यांना भेगा गेल्या, ऐरावताच्या सोंडेवर रक्ताचे पाट वाळले; आणि अखेरीस असुरांचा अधिपती धूमकंठ, ज्याच्या गळ्याभोवती जन्मापासून धुरासारखे काळपट वलय होते, तो त्या रणधुमाळीत दिसेनासा झाला. त्याचे शव कोणाला सापडले नाही. देवांनी विजयाच्या दुंदुभी वाजवल्या, गंधर्वांनी स्तोत्रे गायिली, आणि सिंहासनावर बसलेल्या देवराज इंद्राने सर्वांच्या देखत स्मितही केले. देवांच्या पापण्या लवत नाहीत हे तर शास्त्रवचनच आहे. पण न लवणाऱ्या डोळ्यांनाही एक विसावा असतो, तो इंद्राचा त्या दिवसापासून गेला.

अशात एका चैत्री पौर्णिमेला, नंदनवनात पारिजाताच्या सावलीत बसला असता, इंद्राच्या कानी खालून ढोलांचा नाद आला. दंडकारण्यात, पयोष्णी नदीच्या तीरावर निषादांची एक वस्ती होती. मोह फुलला होता, आणि ते लोक फुलांचे घोस डोक्याला बांधून नाचत होते. इंद्राने कान देऊन ऐकले. त्या गाण्यात नदीचे नाव होते, मोहाचे होते, चांदण्याचे होते. त्याचे नाव नव्हते.

त्याने देवगुरू बृहस्पतींना पाचारण केले.

"गुरुदेव, हे लोक काय करीत आहेत?"

"उत्सव करीत आहेत, देवेंद्रा. मोहाला फुले आली, म्हणून."

"त्या निमित्ताने मागतात काय?"

"काही मागत नाहीत."

इंद्राच्या कपाळावर आठी उमटली. "पुत्र मागणारा, धन मागणारा, माझे आसन मागणारा, असा प्रत्येक याचक मी ओळखतो. पहिल्या दोघांना देऊन टाकतो, तिसऱ्याच्या तपोवनात एखादी अप्सरा पाठवतो. परंतु ज्याला काहीच नको, त्याच्या मनात काय चालले आहे हे मी कसे ओळखावे?"

"काही चाललेले नसेल, असेही असू शकते," बृहस्पती शांतपणे म्हणाले. "एवढे मात्र ध्यानात असू दे. नाव-गाव न विचारता जो भुकेल्याला जेवू घालतो, त्याची वाणी सत्य होते. त्या लोकांपुढे जपून वाग."

गुरू निघून गेले, आणि ते इतके शांत का होते याचा विचार इंद्र कितीतरी वेळ करीत बसला. त्याचा स्वभावच असा होता. सरळ बोलणाऱ्याचे बोलणे त्याला जास्त वाकडे वाटे.

मग त्याने त्या वस्तीवर डोळा ठेवला. वैशाखी पौर्णिमेला निषादांनी झाडांना पाण्याच्या तुंब्या बांधल्या, पाखरांसाठी. ज्येष्ठात त्यांनी वडाला मिठी मारली आणि तिथेच बसून ते जेवले. श्रावणात नदीला दूध वाहिले, आश्विनात नव्या तांदळाची खीर चांदण्यात ठेवली. या सर्वांत इंद्राच्या मनात जे रुतून बसले ते एक पान होते. दर पौर्णिमेला पंगत बसली की सर्वांच्या आधी पूर्वेच्या टोकाला एक पळसाची पत्रावळ मांडली जाई. तिच्यावर पहिले वाढले जाई. तिथे वस्तीतले कोणी बसत नसे. तिच्यावर वाढून झाल्याखेरीज तान्ह्या पोरालाही घास मिळत नसे.

कोणाची वाट पाहतात हे?

वैशाखात वाट चुकलेला एक सार्थवाह, व्यापारी तांड्याचा नायक, तिथे येऊन जेवला. इंद्राने त्याचा सात वनांपलीकडे पाठलाग करविला. ज्येष्ठात एक महारोगी आला. त्याच्या चिंध्यांखाली कवच असणार, असे इंद्राला खात्रीने वाटले. भाद्रपदात कोणीच आले नाही, म्हणून वस्तीने ते पान रानाच्या कडेला नेऊन ठेवले आणि एका मुंगसाने ते खाल्ले. जाताना मुंगसाने मागे वळून पाहिले. ते का पाहिले, यावर स्वर्गाच्या अधिपतीने पुढले कित्येक दिवस डोके शिणवले.

आणि मग फाल्गुन आला. निषादांनी वस्तीबाहेर लाकडांचा प्रचंड ढीग रचला. बायका-पोरे तोंडावर हात मारून बोंबा मारू लागली, तरण्या मुलांनी भोवती फेर धरला. थंडी सरली म्हणून जुना पाचोळा नि काटक्या जाळायच्या आणि घसे मोकळे करायचे, एवढाच त्याचा अर्थ होता. इंद्राने मात्र त्यातून भलताच अर्थ काढला. तो मनाशी म्हणाला: हा ढीग पेटवून दूरवर खूण द्यायची आहे. या बोंबा म्हणजे रणघोषाचा सराव आहे. आणि पान मांडून ज्याची वर्षभर वाट पाहिली, तो आज येणार आहे.

त्याचे हे शेवटचे अनुमान खरे निघाले. हेच त्याचे दुर्दैव.

सूर्य कलत असता इंद्र एका वृद्ध ब्राह्मणाचे रूप घेऊन पयोष्णीच्या तीरावर उतरला. वज्राची त्याने काठी केली होती. वस्तीच्या सीमेवर एक जुना मोह होता. पंगतीला येणारा प्रत्येकजण आपला कोयता, कुऱ्हाड, धनुष्य त्याच्या बुंध्याशी ठेवून आत येत होता. इंद्राने तिथे काही ठेवले नाही. म्हाताऱ्या ब्राह्मणाची काठी कोण काढून घेणार?

वस्तीतली सर्वांत वडील स्त्री नेवाळी हिने त्याला पाहिले. तिच्या डोक्यावरचे केस कापसासारखे पांढरे झाले होते आणि हातात वाढायची परडी होती. तिने त्याला नाव विचारले नाही, गोत्र विचारले नाही. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "ये बाबा, दमलेला दिसतोस. पान मांडलंय, बस."

"हे पान कोणासाठी मांडले आहे?" इंद्राने विचारले.

"येईल त्याच्यासाठी."

"कोण येणार आहे?"

"ते आल्यावर कळतं. कधी कधी आल्यावरही कळत नाही." ती हसली. "तू आलास, तर तुझं."

इंद्राने पानाकडे पाहिले. नाचणीची भाकरी होती, वालाची उसळ होती, भाजलेले कंद होते आणि मोहाच्या वाळल्या फुलांचा गोड गोळा होता. स्वर्गात अमृत प्यालेल्या त्या देवाला त्या वासाने भूक लागली, हे कबूल केले पाहिजे. पण उसळीचा रंग त्याला काळपट वाटला. मला काही न विचारता ही बसवते आहे, म्हणजे मी कोण हे हिला आधीच ठाऊक आहे, असा त्याने तर्क केला.

"माझे व्रत आहे," तो म्हणाला. "मी इथे बाजूला नुसता बसेन."

"बस की. भूक लागली तर सांग." नेवाळी पुढे वाढायला गेली.

पूर्वेला पूर्ण चंद्र वर आला, लाकडांचा ढीग पेटला, आणि त्या उजेडात सीमेवरच्या मोहाखाली एक थोराड, पाठीत वाकलेला पुरुष उभा राहिलेला दिसला. त्याने हातातले काहीतरी बुंध्याशी ठेवले आणि तो चालत पंगतीत आला. पोरे त्याला पाहून सरकली नाहीत. एकाने तर त्याच्या पाठीवर थाप मारली. तो पूर्वेच्या पानावर येऊन बसला. ज्वाळा उंच झाल्या, तेव्हा त्याच्या गळ्याभोवतीचे धुरकट वलय इंद्राला स्पष्ट दिसले.

इंद्राची मूठ काठीवर आवळली. धूमकंठानेही शेजारच्या ब्राह्मणाकडे पाहिले. होळीच्या धुराने सर्वांच्या डोळ्यांत पाणी आले होते, सर्वजण डोळे मिचकावत होते. त्या एका ब्राह्मणाच्या पापण्या तेवढ्या लवत नव्हत्या.

असुर हळू आवाजात म्हणाला, "शतक्रतो, मी तुला ओळखले. भिऊ नकोस. माझे भाऊ गेले, मुलगे गेले, सेना तर त्याच दिवशी गेली. कुळ सांगितले की पृथ्वीवर कोणी मला पाणी देत नाही. इथे कोणी विचारत नाही, म्हणून वर्षातून एकदा माणसांत बसून जेवतो. तुझ्यापुढे पान नाही. यातले अर्धे घे."

त्याने भाकरी मोडली. मोठा तुकडा इंद्राकडे सरकवला.

इंद्राच्या मनात त्या क्षणी काय झाले, हे सांगताना माझाही जीव कासावीस होतो. ज्या शत्रूच्या भयाने त्याचा विसावा गेला होता, तो शत्रू शस्त्राविना समोर बसला होता आणि अन्न देत होता. हात पुढे करायचा एवढेच काम होते. पण मोठा तुकडा त्याने आपल्याला का दिला, असा प्रश्न इंद्राच्या मनात आला. विष मोठ्या तुकड्यात असते.

नेवाळीला त्याचा चेहरा वाचता आला असावा. ती लगबगीने आली, त्या तुकड्याचा एक घास मोडून तिने तोंडात टाकला, आणि म्हणाली, "बघ, बरी झालीय. खा बाबा."

हिने उतारा आधीच घेतला असणार, इंद्र मनात म्हणाला.

आणि त्याने काठी उचलली. वज्राला नेम धरावा लागत नाही. आकाशात ढग नसता वीज कडाडली, पंगतीतली पोरे किंचाळत आईच्या कुशीत शिरली, आणि असुरराज धूमकंठ आपल्या पानावर कोसळला. त्याच्या तोंडात पहिला घास तसाच होता.

इंद्र आपल्या मूळ रूपात उभा राहिला. किरीटाच्या तेजाने होळीचा प्रकाश फिका पडला. "निषादांनो," तो गर्जला, "हा असुरेंद्र धूमकंठ होता. याची सेना कोठे लपवली आहे? शस्त्रे कोठे आहेत?"

इंद्राने मरुद्गणांना बोलावले. त्यांनी रानातली ढोली न् ढोली धुंडाळली. सेना सापडली नाही. मोहाच्या बुंध्याशी कोयते होते, कुऱ्हाडी होत्या, आणि धूमकंठाची म्हणून एक ओबडधोबड काठी होती, वाटेत आधाराला घेतात तशी.

नेवाळी मृताच्या उशाशी बसली होती. तिने त्याच्या गालावरची माती पदराने पुसली. "दर फाल्गुनात यायचा," ती म्हणाली. "याचं कूळ आज तुझ्या तोंडून कळलं. कळलं नसतं तरी चाललं असतं." मग ती रडली, अगदी घरचे माणूस गेल्यासारखी, आणि देवराजासमोर रडण्याची तिला लाज वाटली नाही.

इंद्राला गुरूचे शब्द आठवले. या स्त्रीची वाणी खरी होणार होती. पण खरे सांगायचे तर त्याला हायसे वाटले. शाप त्याने पूर्वीही भोगले होते. शापाला मुदत असते, उःशाप असतो, एखादे तीर्थ असते. त्याने मस्तक किंचित लववून म्हटले, "वृद्धे, तुझा शाप उच्चार. मी तो स्वीकारीन."

नेवाळी उठली.

"शाप नाही देत," ती म्हणाली. "शाप भोगलास की मोकळा होशील. मी तुला वर देते. चंद्र वाढतो नि घटतो आहे तोवर, पौर्णिमेला जिथं जिथं पंगत बसेल, तिथलं पहिलं पान तुझंही. कोणत्याही रूपात ये. कुणी नाव विचारणार नाही, आज काय केलंस तेही विचारणार नाही. ये नि जेव."

पयोष्णीचे पाणी क्षणभर थांबले, असे म्हणतात. तो वर खरा झाला.

इंद्र तिच्याकडे न लवणाऱ्या डोळ्यांनी पाहत राहिला. "यात डाव कोणता आहे?"

"कोणताच नाही."

"कोणताच नाही, हे कसे शक्य आहे?"

नेवाळी वाकून विस्कटलेली पत्रावळ गोळा करू लागली. तिने दुसरे पान आणायला सांगितले, कारण रात्र अजून सरायची होती आणि कोणी येण्याची शक्यता होती.

पुढे युगे पालटली. निषादांचे ते सण रानातून गावांत आले, गावांतून नगरांत गेले. श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ मिळाला, ज्येष्ठीला वडाला सूत मिळाले, आश्विनात लक्ष्मीला दूध मिळाले. त्या दिवशी इंद्राचेही नाव घेतात, पण लक्ष्मीच्या मागून. गावोगावी लहानमोठ्या देवांची देवळे झाली. देवांच्या राजाचे देऊळ मात्र शोधू गेले तर सहसा सापडत नाही. पाऊस पडेनासा झाला की लोकांना त्याची आठवण होते, आणि तीही भीतीने होते.

तो दर पौर्णिमेला येतो. ज्या अंगणात अजून पहिले पान बाजूला काढून ठेवतात, त्या अंगणाच्या कडेशी तो चंद्र उगवताना उभा असतो. भाकरीचा वास त्याच्यापर्यंत पोहोचतो, त्याला भूकही लागते. पान आपले आहे हे त्याला ठाऊक असते, कारण वर त्याला मिळालेला आहे आणि तो खोटा होणार नाही. मग त्याची नजर त्या घरच्या बाईकडे जाते. ही मघाशी कोणाकडे पाहून हसली? मीठ पानाच्या डाव्या बाजूलाच का वाढले? तेवढ्यात कोणी वाटसरू येतो, निवांत मांडी घालून जेवतो, आणि स्वर्गाचा राजा उपाशी परत जातो.