आईचा तळवा

मंडळी, मला सांगा, चूक झाकून गोड बोलणाऱ्यावर भरवसा ठेवावा, की तोंडावर उणं काढणाऱ्यावर?

कोळसे आणि चिंध्या बोलत असत, त्या काळातली गोष्ट. अनसूया नुकतीच कोळशानं चित्रं काढायला शिकत होती. तिची आई वारली होती आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. म्हणून भाकरी थापणारी आई कागदावर उतरवायचा तिनं ध्यास घेतला. चेहरा जमला, पण हात काही केल्या बाहुलीसारखे इवलेसेच होत.

पुसायची चिंधी लाडानं म्हणाली, "मी पुसते गं ते. तू वरून पदर ओढ, कोण बघतंय?"

कोळशाची कांडी खेकसली, "आणि भाकरी काय पदर थापणार?"

"गप बस, काळतोंडे! पोरगी रडकुंडीला आलीय."

"येऊ दे. अनसूये, माणसाचा हात त्याच्या चेहऱ्याएवढा असतो, हनुवटीपासून कपाळापर्यंत. स्वतःचा लावून बघ."

अनसूयेनं तोंडावर हात ठेवला. लहानपणी तोंड धुताना आईचा हात असाच फिरायचा. सगळा चेहरा त्या तळव्यात मावायचा, आणि त्याला ज्वारीच्या पिठाचा वास असायचा.

तिनं कांडी उचलली आणि मापानं हात काढले.

"अगं बाई, केवढे हे हात!" चिंधी म्हणाली.

"एवढेच होते," अनसूया म्हणाली, आणि तिनं चिंधी बाजूला ठेवली.

तेव्हा मंडळी, चित्रातल्या रेघेचा असो की दुकानातल्या गल्ल्याचा, हिशेब तेवढा खरा ठेवा, आणि उणं दाखवणाऱ्यालाच जवळ करा.