गाठोडी सोडणारी येसू

सरका जरा, पाय आखडून घ्या, पांघरूण सगळ्यांना पुरलं पाहिजे. हं. तर एकदा काय झालं, एका गावाच्या वेशीवर येसू नावाची बाई बसायची. राजाची नोकरी होती तिला. काम काय? तर गावात येणाऱ्याला गाठोडं सोडायला लावायचं, आत काय आहे ते बघायचं, कुठून आणलं ते विचारायचं, आणि राजा जेवायला बसला की त्याला सगळं सांगायचं. राजा म्हातारा, गुडघे धरलेले, तो वेशीपर्यंत यायचा कसा? पण "आज काय आलं गं?" असं विचारून सगळं ऐकल्याशिवाय त्याला घास उतरायचा नाही.

येसू मुळातच चौकस. कुणी निळं मीठ आणायचं, कुणी भोपळ्याचं बोलणारं बी. काम इतकं आवडायचं तिला, की घरी चतकोर भाकरी आहे हेही ती विसरायची. पगार होता महिन्याला चार पायल्या ज्वारी. खाणारी तोंडं चार, ती, सासू आणि दोन मुली. मुली नाही विसरायच्या, बरं का. त्या ताट चाटूनपुसून आईकडे बघत बसायच्या.

मग एक दिवस डोंगरापलीकडच्या राजाचा घोडेस्वार आला. म्हणाला, "येसूबाई, आमच्या वेशीवर बसा. दिवसाला एक सोन्याची मोहर. पगार महिनाअखेर."

"आणि काम?"

"गाठोड्यावर शिक्का मारायचा. सोडायचं नाही, विचारायचं नाही. विचारलंत की नोकरी गेली."

येसूनं मुलींकडे पाहिलं आणि निघाली. जीव तुटला, पण निघाली.

पहिल्या दिवशी एक माणूस आला. डोक्यावर गाठोडं, आणि गाठोडं आपलं गुणगुणतंय! येसूच्या जिभेवर प्रश्न आला. तिनं तो गिळला आणि शिक्का मारला. आत काय होतं म्हणून मला विचारू नका. तिनंच विचारलं नाही, तर मला कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी आल्या. त्यांच्या गाठोड्याची सावलीच पडत नव्हती. येसूचं पोट फुगलं. तरी प्रश्न गिळला, शिक्का मारला. शेजारचा शिपाई तर मान वळवूनसुद्धा बघेना. "वीस वर्षं झाली," तो म्हणाला, "आता काही वाटत नाही." ते ऐकून येसूच्या अंगावर काटा आला.

मग तिसऱ्या दिवशी आली एक म्हातारी. तिचं गाठोडं वळवळत होतं, आणि आतून आवाज येत होता येसूचाच! मग मात्र तिला राहवेना. शिक्का ठेवला खाली.

"आजी, आत काय आहे हो?"

झालं! नोकरी गेली. हातात मोहर एकही नाही, महिना कुठे भरला होता?

म्हातारी हसली. तिनं गाठ सोडली. आत होते प्रश्न. लोकांनी गिळून टाकलेले, कधीच न विचारलेले. बेडकाच्या पिल्लांसारखे टुणटुण उडत होते. "गावोगाव फिरते आणि वेचते," म्हातारी म्हणाली. "या वेशीवर पीक फार." येसूला स्वतःचे दोन सापडले, काल-परवाचे, ताजे. आणि तळाशी एक जुना, चांगला जड, बारा वर्षांचा. तोही तिचाच! कानाशी धरला तर म्हणतो कसा, "महाराज, माझा पगार वाढवाल का?"

येसू मटकन खाली बसली. साऱ्या जगाला विचारत सुटली आणि हा एवढा राहिलाच!

मग तिनं तो पदराला बांधला आणि गाठला आपला राजा. राजा नाही म्हणाला तर? जागा दुसऱ्या कुणाला दिली असेल तर? मुलींना काय सांगायचं? तरी तिनं विचारलं.

राजाचा घास हातातच राहिला. "बारा वर्षं तू मला सांगतेस, गावात काय आलं," तो म्हणाला. "तुझ्या घरात काय आलं, हे मी एकदाही विचारलं नाही गं." आणि म्हातारा रडला.

मोहरा नव्हत्याच बिचाऱ्याकडे. पण ज्वारी दुप्पट केली आणि गोठ्यातली दुभती गाय दिली. सोन्याच्या तोडीचं नव्हे हो, पण येसूच्या घरी भाकरी उरायला लागली. ती पुन्हा वेशीवर बसली. आणि राजा आता जेवायला बसला की आधी विचारतो, "येसू, मुली जेवल्या का?"

जेवल्या. पोटभर जेवल्या आणि झोपल्यासुद्धा. आता तुम्हीही मिटा बघू डोळे.