वजीरच्या पोटातलं गाव

जनावरं आपली सुखदुःखं एकमेकांना बोलून दाखवत, त्या काळची ही गोष्ट. सदबाकडे वजीर नावाचा शर्यतीचा बैल होता. शर्यत जवळ आली तसा सदबाने त्याचा कडबा बंद केला आणि दूध, अंडी अन् तुपातले कणकेचे गोळे सुरू केले. शेजारी बांधलेली चांदी गाय मात्र कडबाच चघळत बसे.

"काय मिळतं गं तुला त्या काड्यांत?" वजीर हसून विचारी.

एके दिवशी सरावाला वजीर चार ढांगा पळाला आणि मटकन खाली बसला. पोट ढोलासारखं फुगलं होतं, पण आत सगळं चिडीचूप. रवंथ करायला गेला, तर तोंडात काही येईना.

"चांदे, माझ्या पोटात झालंय तरी काय?"

"आपल्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं गाव असतं, दादा. कडबा त्यांच्यासाठी. ते तो आंबवतात, तेव्हा आपल्या पायांत बळ येतं. तुझं गाव उपाशी मेलं."

वजीरचे डोळे पांढरे झाले. एवढं गाव आपण तूप खात खात मारलं?

इतक्यात सदबा धावत आला. जुनी माणसं करत तसा त्याने चांदीच्या तोंडातला, पोटातून वर आलेला रवंथाचा घास काढला आणि वजीरच्या तोंडात कोंबला. गाईचं उष्टं. वजीर शहारला, पण त्याने ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी पोटात गुडगुडलं. समोर आलेला कणकेचा गोळा वजीरने नाकाने दूर ढकलला.

"चांदे," तो हळूच म्हणाला, "चार काड्या इकडे सरकव. तुझ्या पोटातल्या गावची माणसं माझ्याकडे राहायला आलीत, ती उपाशी आहेत."